राबणाऱ्या गाडीचा विटलेला रंग परत कसा आणायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर, ट्रक, जुनी जीप. दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि रात्रीही छप्पर न मिळणाऱ्या गाड्यांच्या रंगाबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शोरूमची झळाळी हा इथला विषय नाही. पत्रा वाचावा, गाडी टापटीप दिसावी आणि आहे तोच रंग अजून काही वर्षं निघावा, एवढीच अपेक्षा आहे. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, पण हातात कंपाऊंड (रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट) घेण्याआधी प्रश्न २ चुकवू नका.

१. रंग पांढरट, खडूसारखा का होतो? धुतल्यावर छान दिसतो आणि वाळला की पुन्हा तसाच!

रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात: रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून हे रेझिन वरच्या बाजूने कुजवत जातात. धरणारं गेलं की कण मोकळे होतात आणि पृष्ठभागावर भुकटी होऊन बसतात. बॉनेटवर बोट फिरवल्यावर बोटाला लागते ती हीच भुकटी. पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे प्रकाश विखुरतो आणि रंग पांढरट दिसतो. पाणी त्या बारीक खड्ड्यांत भरतं, म्हणून ओली गाडी नवी वाटते.

ही ओलसर झलक चांगली खूण आहे. ओली असताना जो रंग दिसतो, साधारण तेवढा परत मिळू शकतो. पाणी मारूनही जे पांढरे चट्टे तसेच राहतात, त्यांचं दुखणं वेगळं आहे (प्रश्न ३).

सगळे रंग सारखे विटत नाहीत. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड ऊन लागल्यावर स्वतःच आजूबाजूच्या रेझिनला पोखरायला मदत करतं, म्हणून जुन्या पांढऱ्या गाड्यांना हात लावला की हात पांढरा होतो. लाल रंगाची गोष्ट आणखी वाईट, कारण अनेक लाल रंगद्रव्यं स्वतःच उन्हात फिकी पडतात आणि लालाचा गुलाबी होतो.

२. माझ्या गाडीला एकच थर आहे की वर क्लिअर कोट आहे, हे कसं कळणार?

आधी तेवढा भाग स्वच्छ धुऊन वाळवा. एका सुती फडक्यावर थोडं पॉलिश घ्या आणि सहज नजरेस न पडणाऱ्या जागी १०-१५ वेळा घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर रंग एकथरी आहे. फडकं फक्त मळलं, तर वर पारदर्शक थर आहे, म्हणजेच क्लिअर कोट. पांढऱ्या गाडीसाठी काळं फडकं घ्या, नाहीतर काहीच दिसणार नाही. मेटॅलिक रंगावर जवळजवळ नेहमी क्लिअर कोट असतो. पण काही जुने मेटॅलिक रंग एकथरी निघतात, त्यात फडकं करडं होतं, कारण ॲल्युमिनियमचे कण सुटून येतात.

ही चाचणी प्रत्येक पॅनलवर वेगळी करा. कामाच्या गाडीचं एखादं दार, एखादं मडगार्ड कधी ना कधी ठोकून पुन्हा रंगवलेलं असतंच. माझ्या लाल पिकअपच्या बॉनेटवर फडकं टोमॅटोसारखं लाल झालं आणि डाव्या दारावर कोरं राहिलं. आधीच्या मालकाने ते दार नंतर रंगवून घेतलं होतं, हे मला फडक्याने सांगितलं.

एवढा खटाटोप का? एकथरी रंगात वरचा मेलेला थर काढला की खाली तोच रंग ताजा मिळतो. क्लिअर कोटमध्ये मात्र तुम्ही काढता ते संरक्षण असतं. अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्याच थरात असतात आणि तो थर फार पातळ असतो (आकडे प्रश्न ७ मध्ये).

३. छतावरचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतोय. पॉलिशने बसेल का?

नाही. सुटलेला क्लिअर कोट कुठल्याही बाटलीतल्या द्रवाने परत चिकटत नाही आणि घासाल तर कड आणखी उचकटेल. तेवढाच तुकडा फवारून घेतला तर कडेची रेघ दिसत राहते. नीट करायचं तर ते पॅनल घासून पूर्ण रंगवावं लागतं.

पैसे किंवा वेळ नसेल तर तसंच राहू द्या. क्लिअर गेला तरी खालचा रंग आणि प्रायमर (रंगाआधी पत्र्यावर दिलेला थर) काही काळ पत्रा झाकून धरतात. तिथे वॅक्स लावत राहा, आणि प्रेशर वॉशरचा फवारा त्या कडांवर जवळून मारू नका, नाहीतर तळहाताएवढा चट्टा दुपारपर्यंत ताटाएवढा होईल. स्वतः फवारायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: हार्डनर मिसळायच्या दोन-घटकी क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतात. ती फुप्फुसांना घातक आहेत, आणि साध्या कापडी मास्कने भागत नाही.

४. कंपाऊंड, पॉलिश, ग्लेझ, वॅक्स… यात नेमका फरक काय?

कंपाऊंड आणि पॉलिश घासून काढतात. कंपाऊंडचे कण मोठे, पॉलिशचे बारीक. ग्लेझ हे मुख्यतः तेलकट भरण असतं. ते ओरखडे काढत नाही, लपवतं. वॅक्स आणि सीलंट वर थर देतात. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, ‘हे काढतं, लपवतं की देतं?’ हा प्रश्न विचारला की गोंधळ संपतो. मोठ्या हौसेने चकचकीत केलेली गाडी दोन-तीन धुलाईंत पुन्हा मळकट दिसायला लागली, तर बहुतेक वेळा काढलं काहीच नव्हतं, नुसतं लपवलं होतं.

५. पॉलिशआधी किती नीट धुवायची? रोज पाणी तर मारतोच.

पाणी मारणं म्हणजे धुणं नव्हे. अडकलेला वाळूचा एक कण मशीनच्या पॅडखाली आला की तो वर्तुळाकार ओरखडे कोरत जातो. आधी लांबून पाणी मारून माती सोडवा, मग गाडीचा शाम्पू आणि दोन बादल्या: एकीत साबण, दुसरीत कापड खंगाळायचं. भांड्यांची पावडर नको. खालच्या बाजूचे डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. ब्रेकमधून उडणारी लोखंडी धूळ रंगात रुतते. आयर्न रिमूव्हर मारला की तिचे जांभळे ओघळ येतात, ते घाबरण्यासारखे नाहीत.

आता हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हळूच फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. तसा लागला तर क्ले बार (रंगात रुतलेले कण उचलून घेणारा मऊ, मातीसारखा गोळा) वापरा, भरपूर साबणपाण्याबरोबर आणि दाब न देता. एकथरी रंगावर क्ले गाडीच्या रंगाचा होतो, हे स्वाभाविक आहे. क्लेचा गोळा जमिनीवर पडला की मात्र सरळ फेकून द्या. धुऊन चालत नाही. चिकटलेली वाळू निघत नाही.

६. प्रत्यक्ष घासायला कुठून सुरुवात करू? कुठलं कंपाऊंड, कुठलं पॅड?

याचं एकच उत्तर देता येत नाही, कारण रंगांचा कठीणपणा फार वेगवेगळा असतो. म्हणून आधी चाचणीचा चौकोन. बॉनेटवर साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा भाग चिकटपट्टीने आखा आणि सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरू करा: मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश. काम झालं तर तीच जोडी सगळ्या गाडीला. नाही झालं तर आधी पॅड थोडं कडक घ्या, मग कंपाऊंडकडे वळा. थेट लोकरीचं पॅड आणि जाड कंपाऊंड घेऊन सुरू करणाऱ्याला मागे येता येत नाही. गेलेला रंग परत येत नाही.

पहिल्यांदा करत असाल तर ड्युअल ॲक्शन मशीन घ्या. त्यात पॅड फिरतं आणि हेलकावतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. रोटरी एका जागी फिरते, झपाट्याने कापते आणि झपाट्याने जाळते. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागेल असा हवा. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळतं आणि पॅड कोरडं घासायला लागतं. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरे. मशीन बंद असतानाच ते पसरवा, मग हळू वेगात सुरू करा. आडवे पट्टे, त्यावर उभे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. हात सावकाश चालवा; घाईघाईत फिरवलं की मशीन फक्त पॉलिश पसरवतं.

ऑक्सिडाइज्ड, म्हणजे खडूसारख्या झालेल्या रंगात लोक हमखास चुकतात ते पॅडच्या बाबतीत. मेलेली भुकटी पॅडमध्ये भरते, पॅड चिकट होतं आणि मग ते कापण्याऐवजी तीच घाण परत माखतं. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा किंवा हवेने उडवा, आणि पूर्ण भिजलं की बदला. एका बॉनेटला माझी तीन पॅड गेली आहेत. ‘कंपाऊंड कामच करत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत दोष बहुधा भरलेल्या पॅडचाच असतो.

प्रत्येक चौकोन पुसल्यावर तिरक्या उजेडात बघा. आणि थांबायला शिका. ज्या गाडीवर उद्या सकाळी पुन्हा पोती घासणार आहेत, तिच्यावरचा शेवटचा बारीक ओरखडा काढण्यासाठी रंग खर्च करणं मला पटत नाही.

७. दाराच्या कडेला घासताना खालचा करडा प्रायमरच दिसायला लागला. असं का झालं?

कडांवर आणि उंचवट्याच्या रेघांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्याच अरुंद रेघेवर येतो. कारखान्यातला रंग प्रायमरसकट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो आणि त्यात क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे क्लिअर कोट केसापेक्षाही पातळ. त्यातून तुम्हाला काही मोजके मायक्रॉनच काढता येतात.

मीही उजव्या दाराची वरची कड अशीच जाळली. ‘एकदाच फिरवतो’ म्हणत रोटरी तिरकी धरली आणि डोळ्याची पापणी लवते तोवर बोटभर लांबीची करडी रेघ समोर. तेव्हापासून कडांवर, रेघांवर आणि हँडलभोवती आधी मास्किंग टेप लावतो, आणि टेप काढल्यावर राहिलेली पट्टी हाताने करतो.

झालं असेल तर टच-अप रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. पत्रा उघडा पडला असेल तर आधी प्रायमर. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर जरूर वापरा: २०० मायक्रॉनच्या बरंच वर आकडा आला तर पॅनल पुन्हा रंगवलेलं आहे, आणि आकडा हजाराकडे गेला तर खाली पुटी आहे. मात्र नुसत्या चुंबकीय तत्त्वावर चालणारं साधं यंत्र फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं, ॲल्युमिनियमवर किंवा फायबरवर नाही.

८. मशीन नाही. हाताने जमेल का?

एकथरी, मऊ रंग असेल तर उत्तम जमतं, फक्त खांदा दुखतो. फोमचा ॲप्लिकेटर, एका वेळी फूटभर जागा, मागे-पुढे सरळ हात. बॉनेटला दीड-दोन तास धरा. कठीण क्लिअर कोटवर हाताने फरक पडेल, पण चमक मशीनएवढी येणार नाही. ड्रिलला पॅड लावून करायची युक्ती सगळ्यांना सुचते. ड्रिल म्हणजे पकडायला वाईट अशी रोटरीच, त्यामुळे प्रश्न ७ आधी वाचा.

९. थेट वॉटर पेपर मारला तर काम लवकर होईल ना?

लवकर होईल, आणि लवकर संपेलही. खोल खडू झालेल्या जाड एकथरी रंगावर २००० किंवा ३००० नंबरचा पेपर, भरपूर पाणी आणि रबरी ब्लॉक घेऊन कधीकधी चालतं. क्लिअर कोटवर, जाडी मोजल्याशिवाय, नको.

१०. गाडी फार जुनी आहे. रंग इतका कोरडा आहे की पॉलिश लावताच शोषून घेतो. काय करू?

जुना एकथरी रंग सच्छिद्र झालेला असतो. त्यावर लगेच कापणारं काही चालवण्याआधी तेल पाजा. बाजारात वॅक्स किंवा सिलिकॉन नसलेली, तेलाचं प्रमाण भरपूर असलेली ग्लेझ मिळतात. टॉवेलच्या कापडाने ती सढळ हाताने चोळा, जाड थर ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बराचसा थर मुरलेला दिसतो. टॉवेलच्या तंतूंनी भुकटीही सैल होऊन निघते. पुसा, पुन्हा एकदा तसंच करा आणि मगच बारीक पॉलिश. अशा रंगात मला सगळ्यात समाधानकारक निकाल याच आळशी पद्धतीने मिळाले आहेत. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर याचा उपयोग नाही, तिथे तेल मुरत नाही.

११. मग ग्लेझच कशाला? डिझेल, रॉकेल किंवा जळकं ऑइल पुसलं तरी गाडी चमकते.

चमकते, आणि कारण प्रश्न १ मधल्या पाण्याचंच आहे: खड्डे भरले, प्रकाश सरळ परतला. फरक इतकाच की डिझेल पाण्यापेक्षा उशिरा उडतं. तोवर त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ ओरखडे पाडते. दारांची रबरं फुगतात, आणि वर वॅक्स धरत नाही. जळक्या ऑइलमध्ये आम्ल असतं, धातूचा बारीक चुरा असतो आणि ते कातडीलाही चांगलं नाही. चॅसीच्या खालच्या बाजूला लोक ते मारतात, तो वेगळा वाद. रंगावर मात्र नको.

टूथपेस्टबद्दलही विचारतात. ती सौम्य घासणी आहे, हेडलाइटवर तात्पुरता फरक दाखवते. बॉनेटला ट्यूब पुरणार नाही आणि कण किती जाड ते ट्यूबवर लिहिलेलं नसतं.

१२. घासून झालं. आता वर काय लावू आणि ते किती टिकेल?

काही ना काही लावाच, आणि त्याच दिवशी. ताजा उघडा पडलेला एकथरी रंग तसाच उन्हात ठेवला तर तो पुन्हा विटायला लागतो. कार्नौबा वॅक्स दिसायला सुंदर, पण उन्हात राबणाऱ्या गाडीवर काही आठवड्यांचा पाहुणा. कृत्रिम सीलंट साधारण चार-सहा महिने जातो. सिरॅमिक कोटिंग वर्ष-दोन वर्षं किंवा जास्त टिकतं, पण आधीची तयारी निर्दोष लागते, आणि खडी उडून बसणारा मार ते थांबवत नाही.

माझं मत: कामाच्या गाडीला सीलंट. आणि सगळ्या गाडीला सारखं लावायचा हट्ट नको. बॉनेट, छत आणि मडगार्डचा वरचा भाग यांना दर तीन महिन्यांनी, बाकीला जमेल तेव्हा. पाणी पडल्यावर थेंब गोल न राहता पसरट झाले की वेळ झाली समजा, पण आधी गाडी नीट धुऊन बघा. कधीकधी सीलंट शाबूत असतं, वर फक्त मळ बसलेला असतो. लवकरच रंगवून घ्यायचा बेत असेल तर सिलिकॉनची उत्पादनं टाळा किंवा पेंटरला सांगून ठेवा. सिलिकॉनचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

१३. काळ्या प्लास्टिकवर पॉलिशचे पांढरे डाग पडलेत, आणि हेडलाइटही पिवळे आहेत.

प्लास्टिकला आधीच टेप लावायला हवी होती. आता मऊ ब्रश आणि प्लास्टिक क्लीनर, दोन-तीनदा. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात आणि त्यांच्यावरचा संरक्षक थर उन्हात पिवळा पडतो. १०००, २०००, ३००० अशा चढत्या नंबरच्या ओल्या पेपरने तो काढून पॉलिश करा, पण वर अतिनील-रोधक लेप दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

१४. रंगाखाली फुगे आलेत. त्यावरून पॉलिश करू का?

फुगा म्हणजे बहुतेक वेळा खालून गंज चढतोय. वरून चमकवलेला फुगा हा चमकदार फुगाच राहतो. तो फोडा, घट्ट पत्रा लागेपर्यंत घासा, उरलेल्या खोलगट गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारं रसायन), मग प्रायमर आणि रंग. टोचणी पत्र्यातून आरपार गेली तर विषय वेल्डिंगचा आहे. दगड लागून पडलेल्या ठिपक्यावरचा नारिंगी डाग मात्र अजून वरवरचा असतो. तो त्याच आठवड्यात बुजवला तर पाच मिनिटांचं काम.

१५. बॉनेट फायबरचं आहे. त्यालाही हेच लागू?

बऱ्याच अंशी. फायबरवर जेलकोट (फायबरचाच रंगीत, कडक वरचा थर) असेल तर तो रंगापेक्षा कितीतरी जाड असतो, त्यामुळे कंपाऊंडला वाव जास्त. पण फायबर उष्णता फारशी वाहून नेत नाही, एका जागी मशीन थांबलं की तिथेच तापतं. सतत हलतं ठेवा. ठिसूळ झालेल्या जेलकोटमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील तर त्या घासून जात नाहीत.

१६. दारावरचं जुनं नाव आणि फोन नंबर काढला, तरी अक्षरं वाचता येतात!

स्टिकरखालचा रंग सावलीत होता, तो विटला नाही, आजूबाजूचा विटला. म्हणून घासायचं ते अक्षरांना नाही, आजूबाजूच्या भागाला. एकथरी रंगात बऱ्यापैकी जुळतं. पण रंगद्रव्यच फिकं पडलं असेल तर तिरक्या उजेडात नाव दिसतच राहतं, कितीही घासा. नवं नाव जुन्यापेक्षा मोठं काढणं हा सर्वांत सोपा उपाय, आणि मी हे थट्टेने म्हणत नाही. स्टिकर काढताना हेअर ड्रायरने कोमट करून सावकाश ओढा. पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर स्टिकरबरोबर रंगही निघू शकतो.

१७. मॅट रंग किंवा व्हिनाइल रॅपवर हीच पद्धत चालेल?

अजिबात नाही. मॅट रंग घासला की तिथे चकाकणारा डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही. विटलेलं रॅप काढून नवं लावावं लागतं. दोन्हींसाठी फक्त त्यांच्यासाठीच बनवलेला क्लीनर वापरा.

१८. खूप जुनं पिवळं यंत्र आहे, ट्रॅक्टरसारखं. त्याचा रंग घासताना वेगळी काळजी?

हो. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि काही लाल औद्योगिक रंगांत लेड क्रोमेट वापरलेलं असायचं, म्हणजे शिसं आणि क्रोमियम दोन्ही. शंका असेल तर शिसं आहेच असं धरून चाला. कोरडं घासू नका, ग्राइंडर तर नकोच; जे करायचं ते ओलं, मोकळ्या जागेत, बारीक धूळ अडवणारा मास्क आणि हातमोजे घालून. जवळ लहान मुलं नकोत. मध्येच खायचं-प्यायचं झालं तर आधी हात आणि तोंड साबणाने धुवा. घासलेलं पाणी विहिरीकडे किंवा गोठ्याकडे वाहू देऊ नका. कामाचे कपडे आणि फडकी घरच्या धुण्यात टाकू नका, आणि वापरलेली पॅड झाडायची असतील तर ती वाळायच्या आत पाण्यात बुडवून झाडा.